आवाजाचा परवाना

माझा आवाज रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर एकोणतीस वर्षं लोकांना फुकट ऐकायला मिळत होता. आवाजालाही परवाना लागतो हे मला निवृत्तीनंतर, साठीला टेकल्यावर कळलं. तोपर्यंत मी वाहतूक नियंत्रक म्हणून खिडकीत बसून बिनपरवाना बोलत होतो. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे" असं मी म्हटलं की सगळा स्टँड माझ्याकडे लक्ष देई आणि मग शेजारच्या माणसाला विचारी, "काय म्हणाला?" दोष कर्ण्याचा होता. खात्याने कर्णा बदलला नाही, मलाही बदललं नाही, आणि प्रवासी गाडीची पाटी वाचून चढत राहिले.

गोष्ट दोन हजार सात सालची. आमची मुलगी शिफा लग्न होऊन बहरीनला गेली होती आणि तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून माझ्या बायकोने, नसीमाने, जुन्या सुती साड्या फाडून दुपट्यांचा ढीग घातला होता. पण सातव्या महिन्यात तिथल्या डॉक्टरने शिफाला विमानात बसायची मनाई केली. आपण जावं म्हटलं तर माझ्या पासपोर्टच्या अर्जावरचं आडनाव होडेकर आणि रेशनकार्डावरचं होडकर. त्या एका मात्रेपायी कागद कुठेतरी अडकून बसले होते. शिफा फोनवर रडली, नसीमा इकडे रडली. शेवटी शिफा म्हणाली, "अब्बा, यायला नाही जमलं तर नाही. पण माझ्या बाळाच्या कानात अजान तुम्हीच द्यायची. मी ह्यांना सांगून ठेवलंय."

मूल जन्मलं की त्याच्या उजव्या कानात अजान देतात, म्हणजे जगात आल्यावर पहिले चांगले शब्द तेच कानी पडतात. आमच्या घरातल्या आणि गल्लीतल्या चौदा मुलांना मी ती दिली होती, शिफालाही मीच दिली होती. त्यामुळे ते माझं एक प्रकारचं पदच झालं होतं, बिनपगारी. मी शिफाला हो म्हणालो. पोरगी परक्या मुलखात, पहिलंच बाळंतपण, जवळ आई नाही. एवढी एकच गोष्ट तिने मागितली आणि तीही मला करता आली नाही तर मी कसला बाप, असं मला मनापासून वाटलं. जावई यासीन यालाही हायसं वाटलं असावं, कारण चार माणसांत त्याचा आवाज घशाच्या खालीच राहतो.

आता अडचण अशी की साध्या फोनवर बहरीनशी बोलताना माझाच आवाज दोन सेकंदांनी परत माझ्या कानात यायचा. मी "कशी आहेस?" विचारलं की तिकडून "कशी आहेस?" असंच उत्तर यायचं. अजान देताना आपलाच आवाज मागून येऊन आपल्याला गाठतो, हे काही बरं नव्हे. यासीनने तोड सुचवली. त्याच्या कंपनीने क्वार्टरमध्ये इंटरनेटवर चालणारा फोन बसवून दिला होता. आमच्याकडे शिफाच्या कॉलेजच्या वेळचा कॉम्प्युटर होता आणि ब्रॉडबँडही नुकताच आला होता. दोन्ही टोकं इंटरनेटने जोडली की आवाज स्वच्छ.

ही बातमी मी शेजारच्या सदू शिवलकरांना सांगितली, ही पहिली चूक. सदूभाऊ टेलिफोन खात्यात तेहेतीस वर्षं लाईनमन होते. रत्नागिरी ते जयगडपर्यंतचा प्रत्येक खांब ते नावाने ओळखत. इंटरनेटवरून बोलणं हा त्यांना स्वतःचा अपमान वाटे.

"नासिरभाय, तारेतनं आवाज जातो तो सलग जातो," ते म्हणाले. "ह्ये लोक आवाजाचे तुकडे करतत आणि सोडून देतत. येक तुकडो हयसून जातो, दुसरो अमेरिकेसून जातो. तिकडं पोचल्यावर ते जोडायचे कोणी? तुमच्यान ह्या नाय जमायचा."

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. त्यानंतर मला साधा फोन वापरणं अब्रूच्या दृष्टीने अशक्य झालं.

मारुती मंदिराजवळ कॉम्प्युटरचे क्लास चालवणाऱ्या दर्शना मॅडमना मी घरी बोलावलं. बाई हुशार, कमी बोलणाऱ्या, आणि आपण बोलतो ते समोरच्याला कळलं नाही तर त्याची काळजी न करणाऱ्या. त्यांनी आमच्या कॉम्प्युटरवर टेलिफोन एक्स्चेंजच बसवलं. फुकटातलं. एका कॉम्प्युटरात अख्खं एक्स्चेंज मावतं हे ऐकून सदूभाऊ पाणीसुद्धा न पिता उठून गेले.

संध्याकाळी आम्ही बहरीनला फोन लावला. तिकडे घंटी वाजली, यासीनने उचलला, पडद्यावर सेकंद मोजले जाऊ लागले. मी "हॅलो" म्हणालो. शांतता. मी स्टँडच्या पट्टीत "हॅलो" म्हणालो. गल्लीतल्या तीन घरांतून "ओ" आली, बहरीनमधून आली नाही. पाच मिनिटांनी यासीनचा साधा फोन आला, "अब्बा, तुम्ही बोलत का नव्हता?"

दर्शना मॅडमनी कारण शोधून काढलं. "काका, आवाज आहे तसा पाठवला तर तुमच्या लाईनीत मावत नाही. म्हणून तो दाबून, घडी घालून पाठवायचा. त्या घडी घालायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. ज्या पद्धतीने घडी घातली त्याच पद्धतीने तिकडे उलगडायची, नाहीतर आवाज नाही."

"मग त्याच पद्धतीने घाला की," मी म्हणालो.

"तेच तर. यासीनच्या फोनला एकच घडी येते. जी सातशे एकोणतीस. बाकीच्या त्याच्या कंपनीने बंद करून ठेवल्यात. आणि ती घडी फुकट नाही. तिचे पेटंट आहेत. आपल्या कॉम्प्युटरला ती वापरायची तर अमेरिकेतल्या कंपनीचं लायसन घ्यावं लागेल."

यासीनने कंपनीच्या माणसाला दुसरी एखादी फुकटातली पद्धत चालू करून द्यायला सांगितलं. त्याने अर्ज करायला सांगितला आणि अर्जाचा विचार तीन आठवड्यांनी होईल असं कळवलं. बहरीनमध्येही आपलेच लोक कामाला आहेत याची मला खात्री पटली. बाळाला तीन आठवडेच उरले होते.

लायसन म्हटल्यावर मला उलट धीर आला. सरकारी महामंडळात उभी हयात गेल्यामुळे परवाना या वस्तूची मला भीती वाटत नाही. परवाना म्हणजे खिडकी, अर्ज, तिकीट, शिक्का. दर्शना मॅडम "अहो, तो ऑनलाईन..." एवढं म्हणेपर्यंत मी चपला घातल्या होत्या. पहिल्या कचेरीत सांगितलं, इथे फोन मिळतो, परवाना दुसरीकडे. दुसरीकडच्या खिडकीवर बंदुका आणि फटाके असे दोनच परवाने मिळत. तिथल्या भल्या माणसाने माझं सगळं ऐकून घेतलं. फोन बहरीनला, आवाज माझा, घडी अमेरिकेची, हे त्याने कागदावर लिहून पाहिलं. मग त्याने विचारलं, "आवाजाने शेजाऱ्यांना त्रास होणार का?" मी प्रामाणिकपणे होतो म्हणालो. त्याने लाऊडस्पीकरचा फॉर्म दिला आणि शेजाऱ्यांची ना-हरकत जोडायला सांगितली. सदूभाऊंनी सही दिली नाही.

दोन दिवस असे गेल्यावर दर्शना मॅडमनी मला खुर्चीत बसवून सांगितलं की हा परवाना इंटरनेटवर विकत मिळतो, किंमत दहा डॉलर, आणि तो एका वेळच्या एका संभाषणापुरता असतो. एकाच वेळी दोन फोन करायचे तर दोन परवाने. डॉलर भरायला परदेशी चालणारं कार्ड लागतं. ते आमच्या ओळखीत फक्त नसीमाच्या भावाकडे, मुंबईच्या फैझानकडे होतं. फैझान एका खाजगी कंपनीत हिशेब तपासतो. कार्डाचा नंबर देण्याआधी त्याने माझी अर्धा तास उलटतपासणी केली.

"दुल्हाभाय, तुम्ही विकत काय घेताय?"

"आवाजाची घडी."

"वस्तू घरी येणार का?"

"नाही. मेल येणार."

"मग मेलमध्ये काय येणार?"

"आकडे."

"दुल्हाभाय," तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "आपा जवळ असेल तर तिला जरा फोन द्या."

नसीमाने त्याला काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, पण नंबर मिळाला. रात्रीतून परवाना आला. इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांची एक ओळ. ना सही, ना शिक्का, ना धारकाचा फोटो. मी तिची प्रत छापून घेतली, दोन सत्यप्रती करवून आणल्या, मूळ प्रत लॅमिनेट करून कॉम्प्युटरच्या वर भिंतीला लावली. एसटीत असताना असेच लावत. दर्शना मॅडम आल्या तेव्हा त्यांनी ती काढायला लावली. ती ओळ म्हणजेच किल्ली होती आणि मी ती घरात येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होतो, पोस्टमनलासुद्धा.

त्या दिवशी संध्याकाळी यासीनचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा आला. शिफाचा आला. नसीमा पदराने कॉम्प्युटरचा पडदा पुसत राहिली. मी खिडकी उघडून सदूभाऊंना हाक मारली. ते आले, दारात उभे राहून त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "आवाज इलो. पण पावसात बगू."

पाऊस संपला होता. ईद होऊन गेली होती, भात कापणीला आलं होतं. पण परतीच्या पावसाला आमच्या कोकणात तारीख नसते. चौथ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं, एक वीज कडाडली आणि कॉम्प्युटरच्या मागून करपल्याचा वास आला. टेलिफोनच्या तारेतून आलेल्या विजेने मॉडेम आणि कॉम्प्युटरातलं नेटवर्क कार्ड, दोन्ही जाळलं. तार सदूभाऊंच्या खात्याची होती. हे मी त्यांना बोलून दाखवलं. "तार सलग असता म्हणून तर वीज थेट पोचली," ते म्हणाले. यात त्यांना अभिमान वाटत होता.

मॉडेम नवा आणला, कार्ड नवं बसवलं. घंटी वाजली. शांतता.

परवाना नेटवर्क कार्डाच्या नंबरला बांधलेला असतो, हे आता कळलं. कार्ड गेलं की परवाना त्याच्याबरोबर गेला. ड्रायव्हर निवृत्त झाला म्हणून गाडीचा परवाना रद्द, असा हा न्याय. मी अमेरिकेतल्या त्या कंपनीला रीतसर पत्र लिहिलं. विषय, संदर्भ, महोदय. सोबत वीज पडल्याबद्दल तलाठ्याचा दाखला जोडावा असं मला वाटत होतं, आणि तलाठी पंचनाम्याला यायला तयारही होते. दर्शना मॅडमनी माझ्या दोन पानांच्या जागी दोन ओळी लिहून पाठवल्या. सुट्टीचे दिवस मधे आल्याने उत्तराला पाच दिवस लागले. एकदा बदलून देतो, पुन्हा कार्ड बदललं तर नवा परवाना घ्या, असं उत्तर होतं. त्या दिवसापासून आभाळात ढग दिसला की नसीमा कॉम्प्युटरच्या सगळ्या वायरी उपटून ठेवू लागली. धुणं नंतर काढायची.

आता उरली होती फक्त तालीम. मी रोज संध्याकाळी यासीनला फोन लावून आवाज तपासू लागलो. तपासणीसाठी अजान म्हणणं मला योग्य वाटेना, ती काही खेळायची गोष्ट नाही. मग मला जे पाठ होतं ते मी म्हणू लागलो. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. रत्नागिरी अलोरे गाडी फलाट क्रमांक सात वर उभी आहे." पंधरा मिनिटं, पूर्ण आवाजात, जिल्ह्यातल्या सगळ्या मार्गांवर. यासीन तिकडून "येतंय अब्बा, येतंय अब्बा" म्हणत राही. गल्लीतून जाणारी एक म्हातारी रोज खिडकीशी थांबून "चिपळूण गाडी लागली काय?" विचारी. नसीमाने मला बजावलं, "आता पुरे करा. घसा गेला तर अजान कोण देणार?" हे मी मनावर घेतलं नाही. निष्णात माणसाला सराव सोडून चालत नाही.

सहाव्या दिवशी घसा गेला. बसला वगैरे नाही, गेला. तोंड उघडलं तर नुसती हवा येत होती. डॉक्टरांनी पाच दिवस मौन सांगितलं. एकोणतीस वर्षं कर्ण्याने मला दगा दिला होता. आता कर्णा ठीक होता.

मी मशिदीतल्या मौलानांकडे गेलो आणि कागदावर लिहून विचारलं. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "नासिरभाय, बाळाच्या कानात अजान हळूच देतात. मिनारावरून देतात तशी नाही. एवढ्याशा कानात कोण ओरडतं? तुमचा आत्ताचा आवाज बराय." चौदा मुलांपैकी एकाच्याही आईबापांनी मला हे कधी सांगितलं नव्हतं. फक्त शिफाच्या वेळी नसीमा माझ्या तोंडापुढे हात धरून का बसली होती, याचा उलगडा मला तेव्हा झाला.

घरी येऊन मी यासीनला फोन लावला आणि कुजबुजत्या आवाजात म्हणालो, "येतंय का?" तिकडून, "हॅलो? अब्बा? लाईन कट झाली वाटतं." मी पुन्हा कुजबुजलो. यासीनने फोन ठेवून दिला.

दर्शना मॅडम पुन्हा आल्या. माझ्याशी बोलताना त्याही आता कुजबुजू लागल्या होत्या, का ते त्यांनाच ठाऊक. "काका, लाईन वाचावी म्हणून आपला प्रोग्राम शांतता पाठवत नाही. माणूस बोलतोय की गप्प आहे हे तो आवाजाच्या जोरावरून ठरवतो. तुमची कुजबुज त्याला शांतता वाटते. ती टाकून देतो."

माझ्यासारख्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी शांत ठरवलं होतं, आणि तेही नको तेव्हा. दर्शना मॅडमनी आत कुठेतरी एक खूण काढून टाकली, एक आकडा कमी केला. "आता आवाज जायला पाहिजे," त्या म्हणाल्या. जातं का ते बघायला आम्ही यासीनला फोन लावला. कोणी उचलला नाही. साध्या फोनवर मेसेज आला की शिफाला कळा सुरू झाल्यात आणि तो तिला घेऊन हॉस्पिटलला निघालाय.

ती रात्र नसीमा जानमाजवर, नमाजाच्या चटईवर होती. मी मॉडेमच्या दिव्याकडे बघत होतो. पहाटे कळलं, मुलगी झाली, दोघी सुखरूप. नाव आयात ठेवणार होते. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं, पण हवा आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिफा बाळाला घेऊन क्वार्टरवर आली. आमची खोली भरली होती. मौलाना होते, दर्शना मॅडम क्लास सोडून आल्या होत्या. सदूभाऊ बोलावल्याशिवाय आले आणि टेलिफोनच्या तारेचा घराबाहेरचा जोड आपल्या हाताने घट्ट करून मगच आत बसले. मी सगळ्यांच्या साक्षीने एक गोष्ट आधीच ठरवून दिली होती. यासीन म्हणत होता, फोनचा स्पीकर चालू करू, सगळ्यांना ऐकू येईल. मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून नसीमाकडून निरोप पाठवला होता, स्पीकर अजिबात नको. अजान कानात असते, खोलीत नसते. रिसीव्हर बाळाच्या उजव्या कानाला लावायचा. उजव्या हे दोनदा अधोरेखित केलं होतं.

नसीमाने फोन लावला. घंटी वाजली. शिफाचा आवाज आला, थकलेला, पण तिचाच. मागे बाळ रडत होतं, बारीक, चिकट आवाजात. आमच्या स्पीकरवर सगळ्यांनी ते ऐकलं. नसीमाने पदराने डोळे पुसले. मग ती म्हणाली, "शिफा, धर आता तिच्या कानाला. अब्बा देतायत."

मी माईक ओठांशी धरला आणि अजान दिली. ओरडता येत नव्हतं म्हणून एकेक शब्द हळू म्हणावा लागला, आणि म्हणता म्हणता मला त्या शब्दांचा अर्थ लागत गेला. इतकी वर्षं मी स्वतःच्या आवाजाकडे लक्ष देत होतो. खोलीत कोणी हललं नाही. अर्ध्यावर आलो तेव्हा तिकडचं रडणं थांबलं. मी शेवटपर्यंत पोचलो, माईक खाली ठेवला. माझे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं मला सुचलं नाही. नसीमाने पुढे होऊन विचारलं, "शिफा, ऐकू आलं?"

रिसीव्हर हलवल्याची खरखर झाली.

"अम्मी, फोन तिच्या कानाला होता," शिफा म्हणाली. "मला कसं कळणार?"

दर्शना मॅडमनी पडद्याकडे बघितलं, तिथे फक्त सेकंद होते. सदूभाऊ माझ्याकडे बघत होते, पण त्यांनी तोंड उघडलं नाही, एवढा शेजारधर्म त्यांनी पाळला. मी हाताने खूण केली, परत एकदा, आता तिकडच्या स्पीकरवर, आणि नसीमाने ते शिफाला सांगितलं.

"आता नको अब्बा," शिफा हळू आवाजात म्हणाली. "रडत होती ती गप्प झाली. बघा, झोपलीसुद्धा."

माझे शब्द कानात गेले म्हणून गप्प झाली, की कानाला लागलेल्या गार रिसीव्हरमुळे, ते सांगायला तिथे कोणी तज्ज्ञ नव्हता. मौलाना उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही दिलीत ना? मग झालं. पोचवणं तुमच्याकडे नाही." नसीमा सगळ्यांना शिरखुर्मा द्यायला आत गेली. मी स्पीकरला कान लावून बसलो होतो. बहरीनमध्ये कोणीतरी अगदी बारीक श्वास घेत होतं. अजान पोचली की नाही हे साऱ्या जगात त्या एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तिचं वय दीड दिवस होतं.